पाय गार ठेवणारं शहर

फ्योदर शेर्गिन यांना पाणी हवं होतं, म्हणून त्यांनी विहीर खणायला घेतली. गोष्ट जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची. गाव याकुत्स्क, रशियाच्या पार पूर्वेकडच्या सायबेरियात. शेर्गिन तिथे एका व्यापारी कंपनीच्या कचेरीचे कारभारी होते. गावाशेजारून लेना नावाची अवाढव्य नदी वाहते. एवढी मोठी नदी शेजारी असताना विहिरीला पाणी लागायला कितीसा वेळ लागणार?

मजूर खणत गेले. दहा मीटर खाली माती गोठलेली. वीस मीटर, तरी गोठलेलीच. तीस मीटरच्या आसपास पोचल्यावर शेर्गिन निराश झाले. पण रँगल नावाच्या नामांकित दर्यावर्द्याने त्यांना गाठून सांगितलं, की पाण्याचं राहू द्या, आता विज्ञानासाठी खणा. ही गोठलेली जमीन किती खोल जाते ते जगाला कळू द्या. आणि शेर्गिन यांनी खरोखरच वर्षानुवर्षं खणणं चालू ठेवलं! विहीर ११६ मीटर खोल गेली. एखादी अडतीस मजली इमारत तिच्यात पूर्ण मावली असती. तरीही तळाची माती गोठलेलीच होती. पाण्याचा थेंब नाही.

पुढे १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ नावाचे शास्त्रज्ञ तिथे आले. त्यांनी विहिरीच्या भिंतीत वेगवेगळ्या खोलीवर तापमापक बसवले आणि नोंदी घेतल्या. एक गंमत दिसली. खाली जावं तसं तापमान थोडं थोडं वाढत होतं, पण तळाशीही ते शून्याच्या खालीच होतं. पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येते आणि वरून थंडी खाली झिरपते, त्या दोघींची ही रस्सीखेच. तापमान किती मीटरला किती वाढतं हे कळलं, की ते शून्यावर कुठे पोचेल याचा हिशेब मांडता येतो. मिडेनडॉर्फ यांनी तो मांडला. गोठलेली जमीन विहिरीच्या तळाच्याही बरीच खाली जात होती. कोरडी राहिलेली ती विहीर आजही याकुत्स्कमध्ये जपून ठेवली आहे आणि तिच्यावर लाकडी खोली बांधली आहे. पाणी न लागल्यामुळे जगप्रसिद्ध झालेली दुसरी विहीर मला तरी माहीत नाही.

अशा जमिनीला शास्त्रज्ञ पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जिचं तापमान शून्याच्या वर गेलेलं नाही, ती जमीन. याकुत्स्कखालची जमीन मात्र दोन वर्षं नाही, हजारो वर्षं गोठलेली आहे. हिमयुगात युरोपच्या उत्तर भागावर बर्फाचे प्रचंड थर साचले. पूर्व सायबेरियाची हवा इतकी कोरडी होती, की तिथल्या सखल भागात तसे थर साचलेच नाहीत. बर्फाचं पांघरूण नसल्यामुळे उघड्या जमिनीतली ऊब वर्षानुवर्षं निसटत राहिली आणि थंडी खोल खोल शिरत गेली. याकुत्स्कखाली ती काही शे मीटर खोल आहे. याच प्रदेशात एका ठिकाणी तर ती जवळजवळ दीड किलोमीटर खोल गेलेली आढळली आहे.

आता नकाशा काढा. ६२ अंश उत्तर अक्षांश, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या साधारण पाचशे किलोमीटर दक्षिणेला. याकुत्स्क ही साखा प्रजासत्ताकाची राजधानी. या प्रदेशाला याकूतिया असंही म्हणतात. हे एकटं प्रजासत्ताक जवळजवळ आपल्या अख्ख्या भारताएवढं आहे, पण तिथे माणसं मात्र सुमारे दहा लाख. त्यातले साडेतीन लाखांहून जास्त लोक एकट्या याकुत्स्कमध्ये राहतात. आपल्याकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा तिथे साडेतीन वाजलेले असतात. डिसेंबरात तर तोपर्यंत सूर्य मावळूनही गेलेला असतो, कारण तेव्हा दिवस असतो जेमतेम पाच तासांचा.

आणि थंडी? जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास. सरासरी बरं का! म्हणजे त्याहून थंड दिवस भरपूर. ५ फेब्रुवारी १८९१ ला इथे उणे ६४.४ अंश नोंदवले गेले. पारा उणे ३९ अंशांजवळ गोठून घट्ट धातू होतो, त्यामुळे पाऱ्याचा तापमापक इथे ऐन हिवाळ्यात कामाचाच नाही. अल्कोहोल भरलेला तापमापक लागतो.

नॉर्वेमधलं त्रोन्हाइम शहर याकुत्स्कहून किंचित उत्तरेलाच आहे, पण तिथला समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही. मग याकुत्स्कच एवढं थंड का? कारण समुद्र. नॉर्वेच्या किनाऱ्याला अटलांटिक महासागराचे उबदार प्रवाह येऊन भिडतात. याकुत्स्कपासून उबदार समुद्र फार दूर, आणि पूर्वेला वर्खोयान्स्कचे डोंगर आडवे. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, जमीन मात्र दोन्ही गोष्टी भराभर करते. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री आकाश निरभ्र असलं, की जमिनीची उरलीसुरली ऊब सरळ आकाशात निघून जाते. गार हवा जड असते, म्हणून ती उतारावरून घरंगळत खोऱ्यांत येऊन साचते. याकुत्स्क वसलंय ते नेमकं नदीच्या खोऱ्यात. पण जमीन तापतेही भराभर, म्हणून इथला जुलै चांगला उबदार असतो. कधी कधी पारा ३८ अंशांपर्यंत चढलाय. उणे ६४ आणि अधिक ३८, दोन्ही एकाच गावात!

उणे चाळीसच्या खाली गेलं की शहरावर बर्फाचं धुकं उतरतं. घरांच्या धुराड्यांतून, गाड्यांच्या नळ्यांतून, माणसांच्या तोंडांतून बाहेर पडणारी वाफ क्षणात गोठते आणि तिचे बारीक कण हवेत तरंगत राहतात. मग काही मीटरांवरचा माणूसही दिसत नाही. आणखी थंडी वाढली, की आपला श्वास गोठताना हलकी सरसर ऐकू येते. तिथले लोक तिला ताऱ्यांची कुजबुज म्हणतात. शाळांचं म्हणाल, तर उणे ४५ च्या आसपास लहान वर्गांना सुट्टी मिळते. मोठ्या वर्गांना मात्र तापमान आणखी खाली जाईपर्यंत वाट पाहावी लागते. बाजारात मासे गोठून लाकडासारखे ताठ झालेले असतात, म्हणून ते खोक्यांत उभे रचून ठेवतात. दूधही गोठवलेल्या चकत्यांच्या रूपात विकायला असतं.

थंडीच्या या गोष्टी तुम्ही कदाचित आधी वाचल्या असतील. मला मात्र याकुत्स्कची सगळ्यात नवलाची गोष्ट वाटते ती वेगळीच. एवढ्या थंड गावाची मोठी काळजी कुठली? तर आपली थंडी टिकवायची कशी, ही!

हे कसं, ते बघू. गोठलेली माती खडकासारखी टणक असते, कारण तिच्या कणांना बर्फाने घट्ट धरून ठेवलेलं असतं. काही ठिकाणी तर त्या मातीत निम्म्याहून जास्त बर्फच असतो. आता अशा जमिनीवर नेहमीसारखा पाया घालून घर बांधलं. घरात माणसं राहणार, चूल पेटणार, खोल्या उबदार ठेवणार. ती ऊब जमिनीतून खाली उतरणार आणि बर्फ वितळणार. मग टणक जमिनीचा चिखल होणार, आणि थिजलेल्या तुपावर गरम वाटी ठेवली की ती जशी एका बाजूला कलत आत जाते, तसं घर खचणार. याकुत्स्कमध्ये अशी जुनी लाकडी घरं आजही दिसतात. काहींच्या खिडक्या तिरक्या झाल्यात, काही तर खिडकीच्या कडेपर्यंत जमिनीत गेली आहेत.

यावर उपाय सापडला तो खांबांचा. तिथे मोठी इमारत बांधायची तर आधी जमिनीत खोल भोकं पाडतात. साधारण दहा-बारा मीटर म्हणा. त्यांत सिमेंट-काँक्रीटचे खांब उतरवतात, भोवतीच्या फटीत पातळ चिखल भरतात आणि वाट बघतात. कसली? सगळं गोठायची! खांब गोठलेल्या मातीत एकदा घट्ट धरला गेला, की मग त्यावर इमारत चढवायची. पण ती जमिनीला टेकवायची नाही. मध्ये माणसाच्या उंचीएवढी मोकळी जागा सोडायची. हिवाळ्यात त्या पोकळीतून उणे चाळीसचं वारं वाहतं आणि घराची ऊब खाली पोचण्याआधीच वाहून नेतं. उन्हाळ्यात इमारतीची सावली जमिनीचं उन्हापासून रक्षण करते. तुम्ही तिथल्या रस्त्यावरून चाललात, तर नऊमजली इमारतींच्या पोटाखालून पलीकडचा रस्ता दिसेल. वर लोक साध्या कपड्यांत चहा पीत बसलेले आणि त्यांच्या पायांखाली काही फुटांवर उणे चाळीस!

नळांचंही तसंच. पाण्याचे आणि घरं तापवणाऱ्या गरम पाण्याचे नळ जमिनीत पुरले, तर ते जमीन वितळवतील. म्हणून जाड आवरणात गुंडाळलेले नळ जमिनीच्या वरूनच सगळ्या शहरभर फिरतात. रस्ता आडवा आला की नळ कमानीसारखे वर चढतात, रस्ता ओलांडतात आणि पलीकडे पुन्हा खाली येतात. त्या कमानींखालून बसगाड्या जातात.

गोठलेली जमीन फक्त इंजिनियरांना कामाला लावते असं समजू नका. ती जंगलही जगवते. याकुत्स्कमध्ये वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून पडतात फक्त २४० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा पावसात खरं तर रखरखीत माळच दिसायला हवा. पण शहराबाहेर पडलात, की क्षितिजापर्यंत लार्च वृक्षांचं अरण्य आणि मध्ये मध्ये दलदल. त्याचं कारण असं. उन्हाळ्यात वरचा मीटर-दोन मीटरचा थर तेवढा वितळतो आणि त्याखाली गोठलेली जमीन असते. पाणी खाली मुरायला वाटच नाही! पडलेला थेंब वरच राहतो आणि झाडांच्या उथळ मुळांना मिळतो.

या अरण्यात ठिकठिकाणी बशीसारखे गोल खोलगट माळ आहेत. त्यांना अलास म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी तिथला जमिनीतला बर्फ वितळला, जमीन खाली बसली, मध्ये तळं झालं आणि भोवती हिरवंगार गवत वाढलं. याच गवतावर साखा लोकांचं आयुष्य उभं राहिलं. साखा लोक मूळचे दक्षिणेकडचे, बैकल सरोवराच्या बाजूचे. त्यांची भाषा तुर्की कुळातली. ते आपले घोडे आणि गाईगुरं घेऊन इतक्या उत्तरेला आले आणि टिकले. त्यांचे घोडे ठेंगणे, जाड केसांचे. ते अख्खा हिवाळा उघड्यावर काढतात आणि खुरांनी बर्फ उकरून खालचं वाळलेलं गवत खातात. साखा लोकांनी जमिनीत तळघरं खणली. तिथे उन्हाळ्यातही मांस, मासे आणि लोणी गोठलेलंच राहतं आणि वीज लागत नाही.

खेड्यांत पिण्याचं पाणी कसं साठवतात ते तर ऐकाच. थंडीच्या सुरुवातीला तळं गोठलं, की पुरुषमंडळी करवती घेऊन बर्फावर उतरतात. बर्फावर आधी चौकोन आखतात, मग लाद्या कापून आकड्यांनी बाहेर ओढतात. लाद्या निळसर, काचेसारख्या आरपार. घरापुढे त्या रचून ठेवल्या, की हिवाळ्याच्या पाण्याची सोय झाली. लागेल तसा कुऱ्हाडीने तुकडा फोडायचा आणि घरात नेऊन वितळवायचा. उन्हाळ्यासाठी ठेवायच्या लाद्या त्या गोठलेल्या तळघरात जातात.

रशियन लोक इथे आले ते केसाळ कातड्यांच्या लोभाने. सेबल नावाच्या छोट्या प्राण्याच्या मऊ कातडीला तेव्हा सोन्यासारखा भाव होता. १६३२ मध्ये प्योत्र बेकेतोव्ह या, कॉसॅक नावाच्या लढवय्या लोकांच्या सरदाराने लेनाच्या काठी लाकडी गढी बांधली. साखा लोकांकडून कातड्यांच्या रूपात कर सक्तीने वसूल होऊ लागला. त्यांच्या दृष्टीने ते दिवस फार कठीण होते. दहा वर्षांनी गढी नदीच्या दुसऱ्या काठावर, आजच्या जागी आली. इथूनच पुढे पॅसिफिक महासागराकडे मोहिमा निघाल्या. त्यातली एक कथा मला फार आवडते. सिम्योन देझन्योव्ह नावाचा कॉसॅक १६४८ मध्ये छोट्या होड्या घेऊन आशियाच्या ईशान्य टोकाला वळसा घालून गेला. आशिया आणि अमेरिका एकमेकांना जोडलेले नाहीत, मध्ये समुद्र आहे, हे त्याच्या प्रवासातून सिद्ध होत होतं. पण त्याचा अहवाल याकुत्स्कच्या दप्तरात पडून राहिला! ऐंशी वर्षांनी व्हितुस बेरिंग त्याच सामुद्रधुनीत गेले आणि तिला त्यांचं नाव मिळालं. १७३६ मध्ये म्युलर नावाच्या इतिहासकाराने याकुत्स्कची जुनी दप्तरं चाळली, तेव्हा कुठे देझन्योव्हचा कागद उजेडात आला. आता आशियाच्या त्या टोकाला देझन्योव्हचं नाव आहे.

याकुत्स्कला पोचायचं कसं? मॉस्कोहून विमानाने सहा-साडेसहा तास. आगगाडी २०१९ पासून येते, पण ती थांबते नदीच्या पलीकडे! इतकी वर्षं लेनावर इथे पूल नव्हता. पुलाचं काम आता कुठे हाती घेतलंय. उन्हाळ्यात माणसं आणि मोटारी फेरीबोटीतून नदी ओलांडतात. हिवाळ्यात नदी इतकी जाड गोठते, की तिच्यावरूनच रस्ता आखतात, वेगमर्यादेच्या पाट्या लावतात आणि मालमोटारी धावतात. पंचाईत होते मधल्या काळात. बर्फ होडी चालू देत नाही आणि मोटारीचं वजनही पेलत नाही.

वसंतात तर लेना आपलं रौद्र रूप दाखवते. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. म्हणजे तिचा वरचा भाग आधी वितळतो आणि खालचा अजून गोठलेलाच असतो. वरून आलेले बर्फाचे प्रचंड तुकडे पुढे अडतात, एकमेकांवर चढतात आणि नदीत बांध तयार होतो. मागे पाणी फुगतं आणि गावांत शिरतं. मे २००१ मध्ये लेन्स्क हे गाव अशाच पुराने उद्ध्वस्त केलं. बर्फाचे बांध फोडायला तेव्हा विमानांतून बॉम्ब टाकावे लागले होते.

गोठलेल्या जमिनीने एक खजिनाही सांभाळून ठेवलाय. केसांसकट, कातडीसकट जपलेले मॅमथ, म्हणजे हिमयुगातले केसाळ हत्ती, इथे सापडतात. याकुत्स्कमध्ये खास मॅमथ संग्रहालय आहे. २०१८ मध्ये इंदिगिर्का नदीजवळ कुत्र्यासारखं दिसणारं एक पिल्लू सापडलं. नाकावरचा मऊपणा, मिशा, पापण्या, दुधाचे दात सगळं जसंच्या तसं. वय अठरा हजार वर्षं! ते कुत्र्याचं की लांडग्याचं, हे शास्त्रज्ञांनाही आधी कळेना. पेशींमधला डीएनए तपासल्यावर कळलं, की ते लांडग्याचं आहे. त्याचं नाव ठेवलंय दोगोर.

आता ही जमीन वितळू लागली आहे आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. पृथ्वी तापतेय, आणि उत्तरेकडचा भाग इतर जगाहून वेगाने तापतोय. याकुत्स्कमधल्या काही इमारतींच्या भिंतींना तडे गेलेत, कारण त्यांच्या खांबांवरची गोठलेल्या मातीची पकड सैल होतेय. याकूतियातल्याच बातागाय गावाजवळ १९६० च्या दशकात जंगल तोडलं गेलं, सावली गेली, जमीन वितळून खचू लागली. आज तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीची भलीमोठी दरी आहे आणि ती अजून वाढतेय. शिवाय गोठलेल्या मातीत हजारो वर्षांपूर्वीची झाडंझुडपं न कुजता पडून आहेत. ती वितळली की जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हवेत जातात आणि पृथ्वी आणखी तापते. २०२१ च्या उन्हाळ्यात याकूतियाच्या जंगलांत एवढे वणवे पेटले, की त्यांचा धूर थेट उत्तर ध्रुवापर्यंत पोचला.

शास्त्रज्ञ आणि इंजिनियर गप्प बसलेले नाहीत. याकुत्स्कमध्ये पर्माफ्रॉस्टचा अभ्यास करणारी एक नामांकित संस्था आहे, मेल्निकोव्ह यांच्या नावाची. तिची एक प्रयोगशाळा जमिनीखाली बारा मीटरवर आहे. वर उन्हाळा असो की हिवाळा, तिथे कायम शून्याच्या काही अंश खाली. आणि जमीन गार ठेवण्याची एक झकास युक्ती तिथे वापरतात. दोन्ही बाजूंनी बंद केलेली धातूची लांब नळी अर्धी जमिनीत पुरायची आणि अर्धी वर ठेवायची. आत थोडा अमोनिया किंवा तसाच सहज उकळणारा पदार्थ. हिवाळ्यात जमीन हवेपेक्षा कमी थंड असते. नळीच्या तळाचा द्रव जमिनीची ऊब घेऊन उकळतो, त्याची वाफ वर जाते, वरच्या कडाक्याच्या थंडीत पुन्हा द्रव होते आणि भिंतीवरून ओघळून खाली येते. प्रत्येक फेरीत थोडी ऊब जमिनीतून बाहेर! उन्हाळा आला आणि वरची हवा तापली, की वाफ थंड होईनाशी होते आणि फेऱ्या आपोआप थांबतात. ना वीज, ना पंप, ना बटण.

खांबांची युक्ती तुम्हाला घरीही तपासता येईल. एका पसरट डब्यात माती आणि पाणी कालवून घट्ट चिखल करा. डब्याच्या एका अर्ध्या भागात आइसक्रीमच्या चार काड्या उभ्या रोवा. दोन-तीन सेंटीमीटर वर राहू द्या. डबा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी मोठ्या माणसाकडून दोन छोट्या वाट्यांत सारखंच गरम पाणी घ्या. एक वाटी थेट गोठलेल्या मातीवर ठेवा, दुसरी काड्यांवर. दर दोन मिनिटांनी दोन्ही वाट्यांखालची माती बोटाने दाबून पाहा आणि कुठली आधी मऊ झाली ते वहीत लिहा. तुमच्या स्वयंपाकघरात उणे चाळीसचं वारं नाही, त्यामुळे थोड्या वेळाने दोन्हीकडे चिखल होणारच. वाटी कलायला किती मिनिटं लागली, तेही लिहायला विसरू नका.